बोनस राखायचा की पैसे? विमा नियामकांना देवणीहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

अध्यक्ष महोदय,

देवणी हे नाव महाराष्ट्राला गाई-बैलांमुळे ठाऊक आहे. वानेरा, बालंक्या, शेवरा अशा तीन रंगढंगांतली देवणी जात याच भागातली. इथला शेतकरी बैल घेताना दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो आणि मगच रुमालाखाली बोटं धरून भावाला उतरतो. तोच शेतकरी, नाहीतर त्याचा नोकरीला लागलेला मुलगा, गाडीचा विमा मात्र डोळे मिटून घेतो. त्याचा आळस हे त्याचं कारण नाही. विम्याच्या कागदावर दात बघायची सोयच ठेवलेली नाही.

सगळा विमा इथे घ्यायला नको. एकाच ओळीपुरतं बोलू. नूतनीकरणाच्या वेळी मोबाइलवर जो कागद येतो, त्यात झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रोडसाइड असिस्टन्स यांच्या रांगेत ‘एनसीबी प्रोटेक्ट’, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’ राखणारी, ओळ असते. एजंट सांगतो, थोडेसे पैसे टाका, क्लेम केला तरी बोनस जाणार नाही. थोडेसे म्हणजे किती, ते कागदावर लिहिलेलं असतं. त्या पैशांत किती रुपयांचं रक्षण होतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. हे पत्र त्या न लिहिलेल्या आकड्यासाठी आहे.

आपलं कार्यालय हैदराबादेत आहे. निजामाच्या राजवटीत उदगीर-देवणीचा हा मुलूख हैदराबादच्याच अखत्यारीत होता आणि अंतर पाहिलं तर आजही देवणीकराला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ पडतं. तेव्हा अर्ज आपल्याच दारात टाकणं रास्त.

आधी बोनसची शिडी. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडिया मोटर टॅरिफने ती घालून दिली. एक वर्ष दावा केला नाही तर नूतनीकरणाला २० टक्के सूट, दोन वर्षांना २५, तीनला ३५, चारला ४५ आणि पाच वर्षांना ५०. २००७ च्या जानेवारीपासून थर्ड पार्टी सोडून बाकी हप्त्याचे दर कंपन्यांच्या हाती गेले, पण शिडी तीच राहिली. चढायला पाच वर्षं लागतात आणि एका दाव्यात माणूस थेट जमिनीवर येतो. मधली पायरी नाही.

ही सूट पूर्ण बिलावर मिळत नाही, हे देवणीतल्या किती गाडीवाल्यांना कुणी समजावलं असेल? ती फक्त ‘ओन डॅमेज’च्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला तो जून २०२२ मध्ये ३,४१६ रुपये झाला आणि त्याला बोनसचा हात लागत नाही. समजा, उदगीरच्या बाजूला रोज ये-जा करणाऱ्या एका शिक्षकाच्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता, कंपनीची स्वतःची सूट वजा जाऊन आणि बोनस धरण्याआधी, ८,००० रुपये आहे. बोनस नसता तर थर्ड पार्टी आणि १८ टक्के जीएसटीसह त्याचं बिल १३,४७१ रुपये झालं असतं. (सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी गेला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा, गाडीच्या विम्यावर तो आहे तसाच आहे.) पन्नास टक्के बोनस धरला की बिल ८,७५१ वर येतं. फरक ४,७२० रुपयांचा. म्हणजे ज्याला सगळे ‘फिफ्टी पर्सेंट’ म्हणतात, तो पूर्ण बिलाच्या ३५ टक्के आहे.

आता हा शिक्षक एक दावा करतो. पुढच्या वर्षी बोनस शून्य. त्यानंतर पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढण, आणि मग पन्नास. दावा केला नसता तर दरवर्षी पन्नासच मिळाले असते. तेव्हा तोटा पहिल्या वर्षी ५०, मग ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के. एका दाव्याची खरी किंमत पाच वर्षांत मिळून सव्वा वर्षाचा ओन डॅमेज हप्ता, या शिक्षकाच्या बाबतीत १०,००० रुपये, जीएसटी धरून ११,८००. गाडी जुनी होते तसा विम्याचा हप्ता उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण हिशोबाला हाच आकडा धरावा.

याच आकड्यासाठी ‘एनसीबी प्रोटेक्ट’ विकलं जातं. त्याची किंमत वर्षाला ६०० रुपये धरली तर जीएसटीसह ७०८ होतात. ११,८०० ला ७०८ ने भागलं की साधारण १६ ते १७ येतात. सोळा-सतरा वर्षांत एकदा दावा करावा लागला, तर खर्च आणि फायदा बरोबरीत. त्याहून लवकर दावा करावा लागणाऱ्याला फायदा, उशिरा करावा लागणाऱ्याला तोटा. इथवर हिशोब विक्रेत्याच्या बाजूचाच वाटतो, कारण सोळा वर्षांत एकदाही गाडी न ठोकणारा माणूस या रस्त्यांवर विरळा.

पण इथे एक खाच आहे. अकरा हजार आठशे वाचतात ते दावा मोठा असेल तेव्हाच. देवणीतले बहुतेक अपघात मोठे नसतात. बाजाराच्या दिवशी मोटारसायकल बंपरला घासते, शेतातल्या वाटेवर दगड लागतो, मागं घेताना खांबाला धडक बसते. समजा, बंपरचं बिल ९,००० झालं: भाग ६,०००, मजुरी ३,०००. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे भागाचे ३,००० गेले. मग सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. हाती आले ५,०००. पाच हजारांसाठी अकरा हजारांचा बोनस घालवणं शहाण्याचं काम नाही, आणि इथली माणसं ते करतही नाहीत. गॅरेजवाला हटकतोच, “उगं कशाला क्लेम टाकायलाव, बोनस जाईल की.” तो ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून काम उरकून देतो.

मग अशा माणसाला संरक्षणाचा उपयोग किती? ५,००० रुपयांचा, ११,८०० चा नव्हे. संरक्षण नसतं तर त्याने हा दावा केलाच नसता, खिशातून पैसे दिले असते. असल्याने त्याचे पाच हजार वाचले, एवढंच. शिवाय त्यासाठी सर्व्हेअरची वाट, अधिकृत वर्कशॉपपर्यंत गाडी नेणं, कागदपत्रांच्या फेऱ्या. पुण्यात हे कंपनीचा माणूस घरून गाडी नेऊन करतो. देवणीच्या माणसाला त्यासाठी दिवस मोडावा लागतो आणि रोजगार बुडतो. इथे लहान दावा होतच नाही, आणि होणार नसलेल्या दाव्याचं रक्षण विकत घेण्यात अर्थ नाही.

उलट ज्याने लहान नुकसान स्वतःच भरायचं ठरवलेलंच आहे, त्याच्यासाठी विम्यात दुसरी सोय आहे: ऐच्छिक वजावट. पहिले काही हजार मी भरीन, असं लिहून दिलं की हप्ता कमी होतो. जुन्या टॅरिफमध्ये ५,००० रुपयांच्या ऐच्छिक वजावटीला ओन डॅमेजवर २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये सूट होती. एका ओळीत गाडीवाला लहान दाव्याच्या हक्कासाठी पैसे देतो, दुसऱ्या ओळीत तो हक्क सोडून पैसे वाचवतो. देवणीच्या बहुतेकांसाठी दुसरी ओळ बरी. ती एजंट आपणहून दाखवत नाही. का, ते सांगायला नको. त्याने हप्ता आणि म्हणून कमिशनही घटतं.

मोठ्या दाव्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे आपल्या नियमातला अन्याय उघडा पडतो.

तळेगावच्या जागृती कारखान्यासारखे साखर कारखाने सुरू झाले की थंडीत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, रात्री मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, असं दृश्य मराठवाड्यात कुणी पाहिलं नाही असं होणार नाही. अशा ट्रॉलीने उभ्या मोटारीचा दरवाजा आत घातला, तर चूक कुणाची यावर वाद नाही. तरीही मोटारवाला दावा आपल्याच पॉलिसीवर करतो. दुसऱ्याच्या विम्यातून भरपाई मागायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट धरावी लागते, आणि पंचवीस-तीस हजारांसाठी ती कुणी धरत नाही. विमा कंपन्यांनी आपसात ‘नॉक फॉर नॉक’ची सोय करून ठेवली आहे: प्रत्येकीने आपापल्या गाडीचं भरावं, एकमेकींकडे वसुलीला जाऊ नये. कंपन्यांचा त्रास वाचला. मोटारवाल्याचा बोनस मात्र त्याची काही चूक नसताना गेला. ही सूट नीट गाडी चालवल्याबद्दल नाही, दावा न केल्याबद्दल आहे. अंगणात उभी राहिलेली गाडीही ती कमावते आणि दुसऱ्याने ठोकलेली गाडीही ती गमावते.

पुराचंही तसंच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जवळच्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीचं पाणी हसनाळ आणि आसपासच्या गावांत शिरलं. पुढच्याच महिन्यात मांजरा, तेरणा, सीना यांच्या काठच्या गावांनी पूर पाहिला. दारात उभी असलेली गाडी पाण्यात गेली तर मालकाने काय चुकवलं? विम्याच्या लेखी तो दावाच, आणि बोनस शून्य. नदीकाठी राहणाऱ्याला इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. पाण्यात बसलेल्या गाडीला चावी मारली आणि इंजिन गेलं, तर साध्या फुल विम्यात ते नुकसान परिणामजन्य म्हणून सहसा नाकारलं जातं. मांजराकाठच्या माणसाकडे एकाच जादा ओळीपुरते पैसे असतील, तर ती ओळ इंजिन प्रोटेक्टची असावी. बोनस हजारांत जातो, इंजिन लाखात.

‘एनसीबी प्रोटेक्ट’ घेणाऱ्याला आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात, आणि त्यांची उत्तरं कंपनीगणिक वेगळी आहेत. वर्षात किती दावे चालतील, एक की दोन? गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर काय? दावा झाल्यावर बोनस आहे तिथे थांबतो की पुढची पायरीही मिळते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, राखलेला बोनस साधारणपणे त्याच कंपनीत नूतनीकरण केलं तरच उपयोगी पडतो. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर ती मागच्या वर्षीचा दावा बघते, शेजारच्या कंपनीने विकलेलं संरक्षण नाही. गाडीवाल्याने आपला बोनस राखायला पैसे दिले, आणि कंपनीने त्याच पैशांत गिऱ्हाईक राखलं. त्यातून मूळ हप्ता किती असावा हे कंपनीच्या हातात. दाव्यानंतर तिने ८,००० चे ११,००० केले आणि त्यावर पन्नास टक्के सूट दिली, तर टक्का शाबूत राहिला आणि हप्ता ४,००० वरून ५,५०० वर गेला. संरक्षण टक्क्याचं आहे, हप्त्याचं नव्हे. ही एक गोष्ट जरी विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगितली, तरी अर्धे गैरसमज मिटतील.

निकाल असा देता येईल: गाडी नवी आणि महागडी, ओन डॅमेजचा हप्ता मोठा, बोनस ४५ किंवा ५० वर पोचलेला, रोजचा मोठा प्रवास, आणि पुढची दोन-तीन वर्षं तीच कंपनी ठेवायचा विचार, अशा माणसाने ‘एनसीबी प्रोटेक्ट’ घ्यावं, तेही हप्त्याच्या मानाने स्वस्त असेल तर. सात-आठ वर्षं जुनी गाडी, आठवड्यातून दोनदा उदगीर आणि वर्षातून एकदा तिरुपती एवढाच प्रवास असलेल्याने ते पैसे वाचवावेत. कमी फिरणाऱ्यासाठी वापराप्रमाणे हप्त्याची सोय प्राधिकरणानेच २०२२ मध्ये खुली केली आहे, ती विचारावी. आणि ज्याचा बोनस अजून शून्यावर किंवा वीसवर आहे, त्याच्याकडे राखायलाच फारसं काही नाही.

देवणीतला बोनस बुडतो तो दाव्यांपेक्षा तारखांनी. विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साठवलेला सगळा बोनस जातो, आणि कुठलंही ‘प्रोटेक्ट’ तो वाचवू शकत नाही. ज्याचा विमा जूनच्या मध्यावर संपतो, त्याच्या हातातला पैसा तेव्हा बी-बियाणं आणि खतात गेलेला असतो. नव्वद दिवस संपतात सप्टेंबरच्या मध्यावर. नवं सोयाबीन उदगीर-लातूरच्या मोंढ्यात येतं त्यानंतर. पैसा हाती येतो तेव्हा बोनस जाऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात. (मधल्या काळात विनाविमा गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे आणि धोकाही, तो भाग वेगळा.) हप्ता भरण्याची तारीख शेतकऱ्याच्या हंगामाशी जुळवून घेता येते, हे एजंटांनी सांगितलं तर कुणाचं काही जात नाही. विमा संपण्याची वाट न बघता आधीच नवी पॉलिसी घेऊन तारीख सरकवता येते.

जुन्या गाडीच्या व्यवहारातही हाच घोळ आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकणाऱ्याने कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र घेतलं तर तो तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो. विकत घेणाऱ्याला मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागते. प्रत्यक्षात कित्येकदा आधीच्या मालकाचाच बोनस नव्या पॉलिसीत घातला जातो, हप्ता स्वस्त दिसतो, सगळे खूश. टॅरिफने विमा कंपनीवर जबाबदारी टाकली होती की तिने २१ दिवसांत आधीच्या कंपनीकडून खातरजमा करावी. खातरजमा होते ती अपघातानंतर, दावा अडवताना. वाहनांच्या पॉलिसी आणि दाव्यांची माहिती आपल्याच शहरातल्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे २००९ पासून साठते आहे. ती विक्रीच्या क्षणी न वापरता भांडणाच्या क्षणी वापरणं कुणाच्या सोयीचं आहे?

बाहेर काय चालतं तेही बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने खाजगी मोटार विम्याची चौकशी केली. बोनसचं संरक्षण घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण कशासाठी पैसे मोजतो हेच कळत नाही, असं तिथे निघालं. मार्च २०१५ मध्ये आदेश निघाला आणि ऑगस्ट २०१६ पासून तिथल्या कंपन्यांना संरक्षण विकताना सक्तीने सांगावं लागतं: त्याची किंमत किती, दावा नसलेल्या किती वर्षांना सरासरी किती सूट मिळते, दावा झाल्यास संरक्षणाशिवाय किती पायऱ्या खाली याल आणि संरक्षणासह किती, आणि संरक्षण असलं तरी हप्ता वाढू शकतो. सिंगापूरमध्ये पन्नास टक्के बोनस असलेल्याने वर्षात एक दावा केला तर तो २० टक्क्यांवर येतो. दोन केले तर शून्यावर.

सिंगापूरचा हा नियम इथे लावून बघितला तर शिक्षकाचं गणित बदलतं. दाव्यानंतर ५० वरून २०, मग २५, ३५, ४५, ५०. तोटा ३०, २५, १५, ५. बेरीज ७५ टक्के. दहा हजारांऐवजी सहा हजार. एक वाक्य बदललं की दाव्याची शिक्षा चाळीस टक्क्यांनी घटते, आणि ‘एनसीबी प्रोटेक्ट’ची बरीचशी गरज त्यातच मिटते. आज आधी नियमाने पडण्याची उंची वाढवायची आणि मग कंपनीने खाली गादी विकायची, असा प्रकार आहे.

तेव्हा मागणी मोठी नाही. जून २०२४ च्या मास्टर परिपत्रकाने विमा विकताना ग्राहक माहिती पत्रक देणं बंधनकारक केलं, ही चांगली सुरुवात होती. त्याच पत्रकात मोटार विम्यासाठी चार रकान्यांचा तक्ता घालावा: आजचा बोनस रुपयांत, एका दाव्यानंतर संरक्षणाशिवायचा बोनस, संरक्षणासहचा बोनस, आणि संरक्षणाची किंमत. तो मराठीत असावा. दावा झाल्यावर बोनस थेट शून्यावर न नेता दोन-तीन पायऱ्या खाली आणावा. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी पंचनाम्याचे आदेश दिलेल्या पुरातला दावा बोनसच्या हिशोबातून वगळावा. त्यात मालकाच्या चालवण्याचा प्रश्नच येत नाही.

हा तक्ता येईपर्यंत देवणीकरांनी एजंटला एकच विचारावं: माझा ओन डॅमेजचा हप्ता बोनसआधी किती? बोनस पन्नासवर असेल तर त्याची सव्वापट म्हणजे एका मोठ्या दाव्यात जाणारा बोनस. संरक्षणाची किंमत त्याच्या विसाव्या हिश्शापेक्षा जास्त असेल आणि वर्षानुवर्षं दावा केलेला नसेल, तर ती ओळ खोडायला सांगावी. दावा अडला किंवा बोनसवरून वाद झाला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी; तिथे दाद लागली नाही, तर लातूर जिल्ह्यासाठी पुण्याचे विमा लोकपाल आहेत. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

कळावे.

देवणी, जि. लातूर